१३२ रुग्ण आणि दहा लाख मुलं

औषधचाचणीत किती माणसं असली म्हणजे तिच्या निकालावर भरवसा ठेवावा, या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरं लखनौ या एकाच शहरात सापडतात. पहिली चाचणी १९९९ मध्ये सुरू झाली. तिथल्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातल्या (आता ते विद्यापीठ आहे) बालरोगतज्ज्ञ डॉ. शैली अवस्थी आणि ऑक्सफर्डचे संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पीटो यांच्या पुढाकाराने उत्तर प्रदेशातल्या ८,३३८ अंगणवाड्यांच्या हद्दीतली सुमारे दहा लाख मुलं पाच वर्षं या चाचणीत होती. लहान मुलांना दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली तर त्यांचे मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न होता. दुसरी चाचणी ऑक्टोबर २०२० ते एप्रिल २०२१ या कोविडच्या काळातली. लखनौच्याच केंद्रीय औषध संशोधन संस्थेने, म्हणजे १९५१ मध्ये गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी वास्तूत सुरू झालेल्या संस्थेने, शहरातल्या रुग्णालयांत उमिफेनोविर या विषाणुरोधी औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी घेतली. तीत १३२ रुग्ण होते. मोठ्या चाचणीचा निकाल 'परिणाम सिद्ध झाला नाही' असा वाचला गेला आणि लहान चाचणीचा 'औषध गुणकारी ठरलं' असा. मला ही दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. चाचणीकडून होय-नाहीचा कौल मागायची आपली सवयच याच्या मुळाशी आहे. चाचणी कौल देत नाही. ती सांगते की परिणाम अमुक एका पल्ल्यात कुठेतरी असावा. तो पल्ला किती रुंद आहे आणि मुळात मोजलं काय, हे विचारल्याशिवाय निकालाला अर्थ येत नाही.

आधी मोठ्या चाचणीकडे पाहू. 'देवता' हे तिचं संक्षिप्त नाव. ती घेण्याची गरज का पडली, हे समजायला १९८६ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी अमेरिकी नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सॉमर यांच्या चमूने इंडोनेशियातल्या आचे प्रांतात 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रेने बालमृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं. हे जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, डोळे जातात, हे जुनंच ज्ञान होतं. पण दोन थेंब तेलाने एवढे जीव वाचतात ही कल्पना आरोग्ययंत्रणांना हलवून सोडणारी होती. पुढच्या सात वर्षांत निरनिराळ्या देशांत चाचण्या झाल्या आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. तमिळनाडूत घट निम्म्याहून अधिक दिसली, नेपाळमध्ये ३० टक्के, घानात १९ टक्के. हैदराबादच्या चाचणीत जवळपास काहीच नाही, सुदानमध्येही नाही. या सगळ्यांची सरासरी काढली की २० ते ३० टक्के घट असा आकडा येई आणि तोच धोरणांच्या कागदांवर चढला. आपल्याकडे नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस देतात आणि पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी पुढचे डोस चमच्याने पाजतात, त्यामागे हाच पुरावा आहे. उत्तर भारतातल्या खेड्यांत, जिथे कमतरता मोठी आणि बालमृत्यूही मोठे, तिथे हा आकडा टिकतो का, हे तपासणं म्हणूनच आवश्यक होतं.

निकाल २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पाच वर्षांत एक ते सहा वयोगटातले मृत्यू दर अंगणवाडीमागे जीवनसत्त्व मिळालेल्या भागात ३.०१ आणि न मिळालेल्या भागात ३.१५ होते. म्हणजे दर शंभर मुलांमागे साधारण २.५ विरुद्ध २.६ मृत्यू. घट चार टक्के. आणि हा चार टक्क्यांचा आकडाही ठाम नाही. त्याचा ९५ टक्के भरवशाचा पल्ला होता ११ टक्के घट ते ३ टक्के वाढ. पल्ल्यात शून्य येतं, म्हणून 'परिणाम सिद्ध झाला नाही' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्याच पल्ल्याने दुसरी एक गोष्ट कितीतरी ठामपणे सांगितली: या मुलांमध्ये, या पद्धतीने दिलेल्या मात्रेने २० ते ३० टक्के घट झालेली नाही. एका आकड्याबद्दल मौन आणि दुसऱ्याबद्दल स्पष्ट नकार, अशी दोन उत्तरं त्या एका ओळीत आहेत. पी-मूल्य (औषधाचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.२२ आलं, ०.०५ च्या वर आलं, एवढं म्हणून थांबणाऱ्या वाचकाच्या हातून त्यातलं मोलाचं उत्तर निसटतं.

इथे कुणीही विचारेल की दहा लाख मुलं आणि पंचवीस हजारांच्या आसपास मृत्यू मोजूनही पल्ला इतका रुंद का राहिला. कारण कुणाला जीवनसत्त्व द्यायचं हे ठरवणारी चिठ्ठी या चाचणीत मुलाच्या नावाने निघाली नव्हती, ब्लॉकच्या नावाने निघाली होती. ७२ ब्लॉक होते. त्यातल्या ३६ मध्ये जीवनसत्त्व, ३६ मध्ये नाही. (निम्म्या ब्लॉकांत जंतांची गोळीही वेगळ्या चिठ्ठीने दिली होती, तिच्यानेही मृत्यूंत स्पष्ट फरक पडला नाही.) एका ब्लॉकमधली मुलं एकाच पाण्यावर वाढतात, एकाच आरोग्यकेंद्रात जातात, गोवराची साथ आली की सगळ्यांवर एकदम येते. त्यामुळे त्यांचे मृत्यू ही स्वतंत्रपणे उडवलेली नाणी नव्हेत. एक ब्लॉक सुदैवी निघाला तर त्यातली हजारो मुलं एकदम सुदैवी निघतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने या चाचणीत दहा लाख माणसं नव्हती, ७२ एककं होती. औषधांच्या बातम्यांत सहभागींची संख्या ठळक छापतात आणि वाटपाचं एकक कुठेच नसतं. पण निकालाची ताकद त्या दुसऱ्या आकड्यावर ठरते.

मग एवढ्या मोठ्या संख्येची गरजच काय होती? कारण मृत्यू ही सुदैवाने विरळ घटना आहे. समजा हजार मुलांच्या एका गटात २६ मृत्यू होतात आणि औषधाने त्यात खरोखरच पाचव्या हिश्श्याची घट होते, म्हणजे २१ होतात. पाच जीव वाचले. पण औषध मुळीच न देता हजार-हजार मुलांचे दोन गट नुसते पाहिले, तरी त्यांच्यातल्या मृत्यूंच्या संख्येत सहा-सात इतका फरक केवळ योगायोगाने सहज पडतो. खरा परिणाम योगायोगाच्या गलबल्यात बुडून जातो. तो वर यायचा तर गटांत हजार नव्हे, कित्येक हजार मुलं हवीत. आणि परिणाम चार-पाच टक्क्यांचा असेल तर लाखांत मोजणी करावी लागते. पीटो यांनी आयुष्यभर हाच आग्रह धरला: चाचणी मोठी ठेवा, साधी ठेवा, आणि ज्याविषयी वाद होणार नाही अशी गोष्ट मोजा. 'देवता'मध्ये औषध वाटलं ते अंगणवाडी सेविकांनी, नेहमीच्या कामाचा भाग म्हणून. त्यामुळे खर्चही आवाक्यात राहिला.

नेमक्या याच साधेपणावर सर्वांत कठोर आक्षेप आला आणि तो सॉमर यांच्याकडूनच आला. त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की देखरेख सैल होती. मात्रा प्रत्यक्षात किती मुलांच्या तोंडात पडली याची खात्री नाही. औषध पोहोचलंच नसेल तर परिणाम दिसणार कुठून? हा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नाही, कारण संख्याशास्त्रातली एक मूलभूत गोष्ट त्यात आहे. संख्या वाढवली की योगायोगाची चूक कमी होते, पद्धतीतली चूक तशीच राहते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या उताऱ्याची पाहणी करताना हेच दाखवलं होतं. कापणीसाठी शेताचा फार लहान तुकडा आखला की कडेची रोपं आत धरली जातात आणि उतारा दर वेळी जास्तच येतो. असे हजार तुकडे मोजले तरी चूक हजार वेळा त्याच बाजूला झुकते. ऑक्सफर्डच्या चिठ्ठीने निवडलेल्या ब्लॉकांत मात्राच नीट वाटली गेली नसेल, तर दहा लाख मुलांनीही ती उणीव भरून निघत नाही.

म्हणून या आक्षेपाचं उत्तर संख्येत न शोधता मुलांच्या रक्तात शोधावं लागतं, आणि ते तिथे काही प्रमाणात आहे. चाचणीच्या उत्तरार्धात दोन्ही गटांतल्या प्रत्येकी अडीच हजारांहून अधिक मुलांचं रक्त तपासलं गेलं. जीवनसत्त्व मिळालेल्या भागात तीव्र कमतरता ६ टक्के मुलांत होती, दुसऱ्या भागात १३ टक्के. डोळ्यांतले बिटॉट ठिपके, म्हणजे बुबुळाशेजारी दिसणारे फेसाळ पांढुरके डाग, १.४ विरुद्ध ३.५ टक्के. औषध पोहोचलंच नसतं तर ही तफावत आली नसती. संशोधकांचा अंदाज ८६ टक्के मात्रा पोहोचल्याचा आहे. तो फुगलेला आहे असं धरून पोहोच त्याहून बरीच कमी मानली, तरी २५ टक्क्यांची घट विरत विरत चार टक्क्यांवर यावी इतकी गळती मानायला मला आधार दिसत नाही. शिवाय सरकारी कार्यक्रमात मात्रा वाटणार त्याच अंगणवाडी सेविका आहेत. संशोधकांच्या कडक देखरेखीत औषध काय करू शकतं आणि नेहमीच्या यंत्रणेतून ते काय करतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धोरणाला दुसऱ्याचं उत्तर जास्त लागतं. जुन्या आठ चाचण्यांत 'देवता' मिळवून सरासरी काढली तेव्हा घट ११ टक्के आली, पल्ला ५ ते १६. परिणाम आहे, पण मानला जात होता त्याच्या निम्म्याहून कमी, असा माझा निष्कर्ष आहे. तोही सावधपणे वापरावा लागतो. आचेचा किनारा आणि गंगेचं खोरं यांची सरासरी घेतली म्हणून ती त्यांपैकी कुठल्याही एका गावाची होत नाही.

आता १३२ रुग्णांकडे वळू. चाचणीचा आराखडा नेटका होता: चिठ्ठीने वाटप, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही अज्ञात. या बाबतीत ती 'देवता'पेक्षा काटेकोर होती. तिथे निष्क्रिय मात्रा दिलीच नव्हती. लखनौच्या रुग्णालयांनी साथीच्या धुमाकुळात असा आराखडा पाळला, ही मोठीच गोष्ट आहे. नऊ रुग्ण मध्येच गळाले. उरलेल्यांत लक्षणं नसलेले किंवा सौम्य लक्षणांचे ८२ आणि मध्यम आजाराचे ४१. सौम्य गटात पाचव्या दिवशी औषध घेतलेल्यांपैकी ७३ टक्क्यांची आरटी-पीसीआर चाचणी निगेटिव्ह आली, न घेतलेल्यांपैकी ४० टक्क्यांची. पी-मूल्य ०.००४. मध्यम गटात फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही, पी-मूल्य ०.१२५.

३३ टक्क्यांचा फरक मोठा दिसतो. पण ८२ जणांचे दोन गट म्हणजे एकेकात चाळीसेक माणसं, आणि हा सगळा फरक तेरा-चौदा माणसांचा आहे. गट सारखे धरून ढोबळ गणित केलं तर खरा फरक तेरा टक्क्यांपासून त्रेपन्न टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. परिणाम शून्य नाही असं म्हणायला हा पुरावा पुरतो. परिणाम केवढा हे सांगायला तो अजिबात पुरत नाही. मध्यम गटाबद्दलही घाई नको. ४१ रुग्णांत फरक दिसला नाही याचा अर्थ 'मध्यम आजारात औषध चालत नाही' असा होत नाही. एवढ्या लहान गटात चालणारं औषधही बऱ्याचदा लपून राहतं. चाचणी दोन भागांत मोडली की प्रत्येक भागाची नजर मंदावते. याच पीटो यांच्या १९८८ च्या एका चाचणीत १७,१८७ हृदयविकाराचे रुग्ण होते आणि ॲस्पिरिनने हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले होते. नियतकालिकाच्या संपादकांनी रुग्णांचे पोटगट पाडून मागितले, तेव्हा पीटो यांनी जन्मराशीनुसारही गट पाडून दाखवले: मिथुन आणि तुला राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने अपाय होतो असं त्यात दिसलं. सतरा हजारांत असं होऊ शकतं. लखनौच्या चाचणीतली विभागणी आधीच ठरलेली होती, आजाराच्या तीव्रतेला धरून होती, त्यामुळे तिला राशींच्या पंगतीला बसवणं अन्यायाचं होईल. पण ८२ आणि ४१ च्या गटांकडून वेगवेगळे ठाम निष्कर्ष मागणंही तितकंच अन्यायाचं आहे.

याहून मोठा प्रश्न मोजलं काय याचा. नाकातल्या स्रावात विषाणू सापडेनासा होणं म्हणजे रुग्ण वाचणं नव्हे. ते एक बदली माप आहे. ज्याची खरी काळजी आहे ते मोजायला वेळ लागतो म्हणून त्याच्या जागी घेतलेलं. बदली माप कसं दगा देतं याचा भारतातलाच दाखला कोविडच्याच काळातला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभरातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा उपचाराची चाचणी घेतली. सातव्या दिवशी प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी अधिक रुग्णांची विषाणू-तपासणी निगेटिव्ह आली. पण आजार गंभीर होणं किंवा २८ दिवसांत मृत्यू होणं, हे प्लाझ्मा गटात १९ टक्के आणि दुसऱ्या गटात १८ टक्के होतं. विषाणू गेला, रुग्णाचं नशीब बदललं नाही. त्याआधीचा अमेरिकेतला अनुभव तर जीवघेणा होता. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांची अनियमितता ज्यांत दिसते ते रुग्ण जास्त दगावतात, म्हणून ती दाबणारी औषधं वर्षानुवर्षं दिली गेली. १९९१ मध्ये त्या औषधांच्या चाचणीची अंतिम मोजणी प्रसिद्ध झाली तेव्हा औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६ रुग्ण मरण पावलेले आढळले. ठोके सुधारले होते. 'देवता'तही रक्तातली पातळी वाढली, डोळ्यांतले ठिपके निम्म्याहून कमी झाले आणि मृत्यू जेमतेम हलले. रक्त तपासून थांबलो असतो तर आपण त्या चाचणीला घवघवीत यश म्हटलं असतं.

यावर साथीच्या काळात काम केलेल्यांचा एक रास्त प्रश्न असतो: माणसं मरत असताना मृत्यू मोजत बसायला वेळ कुठे होता? एचआयव्हीच्या काळात अमेरिकेच्या नियामकाने १९९२ पासून बदली मापावर तात्पुरती मंजुरी देण्याची वाट उघडली, तिच्यामुळे पुष्कळ रुग्णांना वेळेवर औषध मिळालं. ते मला मान्य आहे. पण रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण आणि मृत्यू यांचं नातं पुढे चाचण्यांमागून चाचण्यांत पडताळलं गेलं, तेव्हा त्या मापाला तो मान मिळाला. कोविडमधल्या नाकाच्या स्रावाला तो कधी मिळालाच नाही. आणि वेळ नव्हता हेही पूर्ण खरं नाही. ब्रिटनमधली 'रिकव्हरी' चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि १६ जूनला तिने डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाचा निकाल दिला: कृत्रिम श्वासोच्छ्वासावरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर. तीन महिन्यांत सहा हजारांवर रुग्णांमधले मृत्यू मोजून. तीही ऑक्सफर्डचीच, त्याच मोठ्या-साध्या परंपरेतली. एका शहरातल्या मोजक्या रुग्णालयांनी आपल्या बळावर १३२ रुग्ण गोळा केले, याला त्यांचा दोष म्हणता येणार नाही. देशभरातल्या जिल्हा रुग्णालयांना एका चिठ्ठीत, एका आराखड्यात बांधणारी व्यवस्था आपण उभी केली नव्हती. दहा लाख मुलांची मोजणी अंगणवाड्यांमधून करून दाखवणाऱ्या देशाला ते अशक्य नव्हतं.

उमिफेनोविरविषयी माझं मत असं: त्या १३२ रुग्णांनी पुढची मोठी चाचणी घेण्याइतका पुरावा दिला, औषध गुणकारी ठरवण्याइतका नाही. 'अ' जीवनसत्त्वाविषयी: दहा लाख मुलांनी एक मोठा आकडा लहान केला, आणि तो लहान झालेला आकडा धोरणात उतरायला हवा, जिथे कमतरता आणि गोवर अजून जोरात आहेत तिथे मात्रा चालू ठेवण्याला त्याने बाध येत नाही. ही मतं चुकीचीही ठरू शकतील. ती तपासायची तर वाचकाच्या हाती साधनं हवीत आणि तिथेच आपण मागे आहोत. 'देवता' ही पाच वर्षांची चाचणी १९९९ मध्ये सुरू झाली, तिचे आकडे छापून आले २०१३ मध्ये. मधल्या वर्षांत डोस जुन्या आकड्याच्या भरवशावर वाटले जात राहिले. औषधचाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. ती आवश्यकच होती. पण मंजुरी देताना नियामकाने कुठले आकडे पाहिले, हे सामान्य माणसाला आजही नीट कळत नाही. अमेरिकेचा नियामक मंजूर औषधावरचा आपल्या संख्याशास्त्रज्ञाचा अहवाल जाहीर करतो. आपल्याकडे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या तज्ज्ञ समित्यांची इतिवृत्तं मिळतात, त्यात एकेका औषधाच्या वाट्याला काही ओळी येतात. त्या ओळींच्या जागी पूर्ण संख्याशास्त्रीय अहवाल यावा: आधी ठरवलेलं मुख्य माप, वाटपाचं एकक, गळालेले रुग्ण आणि परिणामाचा पल्ला यांसह, मंजुरीच्या दिवशीच.